एका ताटातले दोघे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदाच्या वर्धापनदिनाला 'मला आवडलेली कथा' ह्या विषयावर पाचजणींनी बोलावे असे कार्यकारिणीने ठरविले आणि त्या पाचांत माझे नाव घातले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे काही माझ्याकडून मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. माझ्या आधी बोललेल्या ताईंनी कथा आपल्याकडच्या निवडल्या. माझी कथा मात्र कोरिया देशातली आहे आणि ती सुमारे सव्वासहाशे वर्षांपूर्वी घडते. नावे कानांना अनोळखी वाटतील, पण थोडा वेळ धीर धरा. आतले दुःख आपल्या ओळखीचे आहे.

ही एक मालिका आहे. 2019 सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती दक्षिण कोरियातल्या जेटीबीसी ह्या दूरचित्रवाहिनीवर झाली. एकूण भाग सोळा. नाव 'नाए नारा', म्हणजे 'माझा देश'. आम्ही ती घरी नेटफ्लिक्सवर पाहिली. बोलणे कोरियन आणि खाली अक्षरे इंग्रजी, त्यामुळे आमची धाकटी लेक भराभर वाचून मराठीत सांगे आणि मी भाजी निवडीत ऐके. पुढे पुढे भाजी तशीच राहू लागली! मालिकेतली कोणती माणसे खरी आणि कोणती कल्पनेतली असे मी तिला विचारू लागले, तेव्हा तिने इतिहासाची पुस्तके आणून तीही वाचून दाखविली. म्हणून आज मी दोन्ही सांगणार आहे. आधी मालिकेतले दोन मित्र, आणि मग इतिहासातले दोन मित्र.

त्या काळी कोरियात गोर्यो नावाचे राज्य होते. 918 साली स्थापन झालेले ते राज्य चौदाव्या शतकाच्या अखेरीस अगदी मोडकळीस आले होते. मोठमोठ्या घराण्यांनी जमिनी गिळल्या होत्या. एकाच शेतावर अनेक मालक हक्क सांगत आणि कुळाला प्रत्येकाचा वाटा भरावा लागे. पिकवणाऱ्याच्या घरात भाताचा दाणा उरत नसे. त्यातच शेजारच्या चीनमध्ये मिंग घराण्याचे राज्य आले होते आणि ते उत्तरेकडचा मुलूख मागू लागले. 1388 साली गोर्योच्या राजाने आणि त्याच्या वृद्ध सेनापतीने चीनच्या ताब्यातील ल्याओतुंग प्रांतावर स्वारी करण्याचा हुकूम काढला.

ई संग-गे नावाच्या सरदाराला ही स्वारी पसंत नव्हती. त्याने चार कारणे सांगितली. लहान राज्याने मोठ्या राज्यावर चालून जाऊ नये. ऐन शेतीच्या हंगामात माणसे शेतावरून उठवू नयेत. सैन्य उत्तरेला गेले की दक्षिणेकडून जपानी चाचे येतील. आणि चौथे कारण मला फार मोलाचे वाटले. पावसाळ्याच्या दमट हवेत धनुष्यांचा सरस सुटतो आणि छावणीत रोगराई पसरते. पावसाळ्यात कोणत्या वस्तूचे काय होते हे ज्या माणसाला कळते, त्याला संसार कळतो असे मी समजते. पण त्याचे कोणी ऐकले नाही. तेव्हा तो सीमेवरच्या नदीतील वीह्वादो नावाच्या बेटापर्यंत गेला आणि तेथून सैन्य परत फिरवून थेट राजधानीवर आला. चार वर्षांनी, 1392 साली, तो स्वतः राजा झाला. त्याच्या नव्या राज्याचे नाव जोसन.

इथवर इतिहास झाला. मालिकेची गोष्ट ह्याच चार वर्षांत सुरू होते आणि 1398 च्या पुढे जाते.

सो ह्वी आणि नाम सन-हो हे दोन तरुण मित्र. ह्वीचा बाप नावाजलेला तलवारबहाद्दर, पण त्याच्यावर आळ आला, त्यात त्याचा जीव गेला आणि घराण्याला काळिमा लागला. ह्वीच्या मागे एक धाकटी बहीण, तिला फेफऱ्याचा आजार. बहिणीला औषध आणि दोन वेळचे जेवण मिळावे एवढ्यासाठी तो धडपडतो. सन-हो मोठ्या अधिकाऱ्याचा मुलगा, पण त्याची आई दासी. बापाचे नाव आहे, मान नाही. घरातली भिंत आणि आपण ह्यांत बापाला काही फरक वाटत नाही हे त्या मुलाला ठाऊक आहे. एक कलंकित बापाचा मुलगा, एक दासीच्या पोटचा मुलगा. जगाने दोघांनाही पंक्तीबाहेर बसविले, म्हणून ते एकमेकांच्या पंक्तीत बसले. सैन्याधिकाऱ्याची परीक्षा द्यायची, वर यायचे, हे दोघांचे एकच स्वप्न.

त्या परीक्षेत शेवटी दोघे मित्रच एकमेकांसमोर उभे राहतात. निकाल सरळ लागत नाही. ह्वीला जबरदस्तीने सैन्यात घालून त्या ल्याओतुंगच्या स्वारीवर आघाडीच्या तुकडीत पाठवितात आणि सन-हो मागे राहतो. पुढे सैन्य परत फिरते. नदीपलीकडे गेलेली आघाडीची माणसे आता कोणालाच नको असतात. त्यांचा काटा काढायला आपलीच माणसे पाठविली जातात आणि त्यांच्या पुढे असतो सन-हो. तेथे त्याला आपला मित्र दिसतो.

मैत्रिणींनो, ह्या ठिकाणी मालिका सोपी झाली असती, तर सन-हो दुष्ट निघाला असता आणि आपण त्याला शिव्या देऊन मोकळ्या झालो असतो. पण तो दुष्ट नाही. तो ह्वीचा जीव वाचवितो. ह्वी नसताना त्याच्या आजारी बहिणीला तो आपल्या घरी सांभाळतो. तिची स्मृती गेलेली आहे आणि ती सन-होलाच भाऊ मानते. तो तिला खरोखर जपतो. त्याचे ध्येयही वाईट नाही. माणसाला त्याच्या जन्मावरून हिणवणार नाही असा देश त्याला हवा आहे. आपल्यापैकी कोण त्याला चूक म्हणेल? पण त्या देशाकडे जाण्याच्या वाटेवर तो मित्राला एकेक पाऊल खर्च करीत जातो. बहीण ह्या घरात आहे हाच दोरा धरून ह्वीला नको ती कामे करायला लावली जातात, राजपुत्राच्या गोटात पेरले जाते. सन-हो मनाशी म्हणतो, आज हे सोसू दे, उद्या सगळे भरून देईन. तो उद्या येत नाही. ती बहीण ह्या राजकारणात बळी पडते आणि त्यानंतर भरून देण्यासारखे काही उरतच नाही.

ह्वीची वाट निराळी आहे. त्याला देश म्हणजे काय हे फार मोठ्या शब्दांत सांगता येत नाही. ल्याओतुंगच्या नरकातून त्याच्याबरोबर तीन माणसे जिवंत परत येतात. त्यांच्याबरोबर एका चुलीवरचे खाणे आणि त्यांतले कोणी कमी होऊ न देणे, एवढाच त्याचा देश. माझ्या मुलीने मला एक कोरियन शब्द सांगितला, 'शिक्कू'. घरच्या माणसांना ते असे म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ 'खाणारी तोंडे' असा आहे. मी चकित झाले. आपणही तेच म्हणतो की! 'घरात खाणारी तोंडे किती?' स्वयंपाकाला लागताना आपण हाच हिशेब करतो. कोरियातल्या बाईनेही हाच हिशेब केला असेल.

ह्या कथेत ही-जे नावाची एक धीट मुलगी आहे. सत्ताधाऱ्यांचे दोष लिहून ती भिंतीवर डकवते, पुढे राणीच्या पदरी जाते. तिच्याविषयी बोलायला वेळ नाही. शेवटच्या भागात दोघा मित्रांची मने पुन्हा जुळतात, एवढे मात्र सांगते. पण तोवर तलवारी फार पुढे गेलेल्या असतात आणि दोघांतला एकही जगत नाही.

हे दोघे मित्र लेखकाच्या कल्पनेतले आहेत. आता इतिहासातले दोघे ऐका. ते ऐकल्यावर मला कळले की मालिका लिहिणाऱ्याने काही वाढवून सांगितलेले नाही.

जंग मोंग-जू आणि जंग दो-जन हे दोन विद्वान. मोंग-जूचा जन्म 1337 चा, दो-जन पाच वर्षांनी लहान. दोघे एकाच गुरूच्या हाताखाली शिकले. दो-जन आईबापांच्या सुतकात गावी बसला होता, तेव्हा मोंग-जूने त्याला मेन्शियस ह्या चिनी ऋषीचा ग्रंथ पाठविला आणि तो तो रोज पान-अर्धे पान करीत वाचीत असे, असे सांगतात. प्रजेचे हाल करणारा राजा राजा राहत नाही, त्याला दूर करता येते, असे त्या ग्रंथात आहे. मित्राने प्रेमाने दिलेले पुस्तक, पण पुढे त्याच पुस्तकाने दोघांच्या वाटा वेगळ्या केल्या.

राज्य सुधारले पाहिजे ह्याविषयी दोघांचे एकमत होते. 1390 साली जमिनीचे जुने दप्तर भर बाजारात जाळण्यात आले आणि ती आग कित्येक दिवस विझली नाही अशी नोंद आहे. पण मोंग-जूला हेच राज्य दुरुस्त करायचे होते आणि दो-जनला घरच पाडून नवे बांधायचे होते. 1392 च्या वसंतात ई संग-गे घोड्यावरून पडून जायबंदी झाला. ती संधी साधून मोंग-जूने दो-जनला कैदेत टाकविले. ग्रंथ पाठविणारा मित्र आता त्याच मित्राच्या जिवावर उठला होता. पण मरण आले ते मोंग-जूला. ई संग-गेचा पाचवा मुलगा ई बांग-वन ह्याने त्याला आपल्या पक्षात येण्याविषयी कवितेतून विचारले आणि त्याने कवितेतूनच नकार दिला. त्या दोन्ही कविता कोरियात आजही प्रसिद्ध आहेत. बांग-वनच्या माणसांनी मोंग-जूला ठार केले. जागा गेसंग शहरातला दगडी पूल असे मानतात. तो पूल आज उत्तर कोरियात आहे आणि दगडावरचा तांबूस डाग त्याच्या रक्ताचा आहे अशी लोकांची श्रद्धा आहे.

मित्र गेला, राज्य आले. दो-जनने त्या राज्याची घडी बसविली. कायदे लिहिले, नवी राजधानी आखली. आजचे सोल शहर ते हेच. 1395 साली बांधलेल्या ग्यंगबोक राजवाड्याला नाव त्यानेच दिले. पण पुढे गादी कोणाची ह्यावरून भाऊबंदकी माजली. राजाने दुसऱ्या राणीच्या धाकट्या मुलाला युवराज केले होते. बांग-वनने बापासाठी एवढे केले आणि त्याला डावलले. 1398 साली त्याने एका रात्रीत दोघा सावत्र भावांचा आणि जंग दो-जनचा काटा काढला. ज्या राज्यासाठी दो-जनने मित्र गमावला, ते राज्य त्याला सहा वर्षेच लाभले.

आणि आता विधीचा खेळ पाहा. बांग-वन 1400 साली राजा झाला. दुसऱ्याच वर्षी, 1401 साली, त्याने जंग मोंग-जूला, म्हणजे आपणच मारविलेल्या माणसाला, मरणोत्तर सर्वोच्च पदवी दिली. कारण आता तो स्वतः राजा होता आणि राजनिष्ठ माणसे त्याला हवी होती. राज्य उभे करणाऱ्या दो-जनच्या नावावरचा डाग मात्र 1865 पर्यंत निघाला नाही. मोजून पाहा, मरणानंतर 467 वर्षे.

ह्यात एक बाईही आहे आणि ती आपण विसरू नये. बांग-वनची बायको, मिन घराण्याची मुलगी. खाजगी शिपाई आणि हत्यारे जमा करा असा हुकूम निघाला होता, तेव्हा तिने हत्यारे गुपचूप राखून ठेविली. त्या रात्री राजा आजारी म्हणून सर्व राजपुत्र वाड्यात जमले होते. तिने निरोप धाडला की माझ्या पोटात कळा येताहेत. त्या निमित्ताने नवरा वाड्याबाहेर पडला आणि लपविलेली हत्यारे त्याच्या हाती आली. बाईच्या पोटदुखीवर कोण संशय घेणार! गादी मिळाली त्यात तिचा अर्धा वाटा. मग काय झाले? राणीचे माहेर डोईजड होईल ह्या भयाने त्याच नवऱ्याने तिच्या चारी भावांचा अंत केला. दोघांचा 1410 साली आणि दोघांचा 1416 साली. बाई जिवंत होती, राणी होती आणि हे सर्व बघत होती.

आता सन-होकडे परत येऊ. जन्मावरून हिणवणार नाही असा देश त्याला हवा होता ना? तो कल्पनेतला, पण त्याच्यासारखी मुले खरी होती. ह्याच बांग-वनच्या कारकिर्दीत, 1415 साली, दुय्यम बायकांच्या मुलांना वरची सरकारी पदे मिळू नयेत असे बंधन घालण्यात आले आणि ती वागणूक कित्येक पिढ्या चालली. म्हणजे ज्या देशासाठी त्याने मित्र खर्ची घातला, त्या देशाने त्याच्यासारख्यांना दारातच उभे केले. मालिकेत हे येत नाही. मुलीने पुस्तकातून वाचून दाखविले, तेव्हा मी हातातले काम खाली ठेवले.

मला ह्या सर्व कथेतून उमगले ते एवढेच. मते वेगळी असल्याने मैत्री तुटत नाही. माझ्या मोठ्या कामासाठी तुला जरा वेळ वापरते, मागून भरपाई करीन, असे मनात आले की ती तुटते. आणि जिच्यासाठी मैत्री दिली ती सत्ता आपली कधी होत नाही. दो-जनची झाली नाही, राणीची झाली नाही, सन-होची झाली नाही.

आमच्या ह्यांनी हे ऐकून एक शंका काढली आणि ती मी लपवून ठेवीत नाही. ते म्हणाले, "अगं, पण पुढे राज्य चांगले झाले ना?" झाले. ह्याच राणीच्या पोटी जो मुलगा झाला तो राजा सेजोंग. सामान्य लोकांना लिहितावाचता यावे म्हणून त्याने 1443 साली कोरियन अक्षरे तयार केली आणि 1446 साली ती प्रजेला दिली. मालिकेत जी कोरियन पाटी दिसे ती ह्याच अक्षरांतली. सातवी शिकलेल्या मला त्या राजाविषयी फार आदर वाटतो. पण चुलते आणि मामे मारल्याखेरीज अक्षरे मिळाली नसती, हे मला कोणी पटवून द्यावे. चांगल्या पिकाचे श्रेय वणव्याला देण्याची लोकांना सवय असते. पेरणारा निराळा असतो.

आता एक घरची गोष्ट बोलते आणि संपविते. कोणाचे नाव घेणार नाही. मागच्या नगरपालिकेच्या निवडणुकीत आपल्या मंडळात दोन तट पडले हे सर्वांना माहीत आहे. एका बाजूच्या बायकांनी एका उमेदवाराचा प्रचार केला, दुसऱ्या बाजूच्या बायकांनी दुसऱ्याचा. त्यात वाईट काही नव्हते. ज्याची त्याची मते. पण आपल्या भिशीतून कोण कोणाला किती पैसे देणे लागते, कोणाच्या घरी काय अडचण आहे, हे आपण मैत्रिणी म्हणून एकमेकींना सांगितलेले होते, आणि ते प्रचारात गल्लीतून फिरले. मते मोजून झाली. निवडून आलेले आणि पडलेले, दोघेही उमेदवार नंतर एका लग्नात शेजारी शेजारी जेवायला बसलेले मी ह्या डोळ्यांनी पाहिले. एकमेकांना जिलबीचा आग्रह चालला होता! आणि आपण? आपली भिशी मोडली. संक्रांतीचे हळदीकुंकू दोन ठिकाणी झाले. पस्तीस वर्षांच्या शेजारणी नळावर तोंड फिरवून उभ्या राहतात. एकीच्या सुनेचे बाळंतपण झाले, दुसरीने तिच्यासाठी डिंक कुटून ठेवला होता, तो डबा अजून तिच्याच फळीवर आहे.

कोरियातल्या त्या दोघांना एक ताट सोडल्यावर पुन्हा मिळाले नाही. आपली ताटे अजून जागेवर आहेत. पुढच्या निवडणुकीत प्रत्येकीने आपल्याला पटेल त्याचे काम खुशाल करावे, मीही करीन. पण मैत्रीत कळलेली गोष्ट प्रचाराला वापरायची नाही, एवढा एकच नियम मंडळाने आज वहीत लिहून घ्यावा अशी माझी विनंती आहे. आणि चैत्रात पापडांचे काम निघेल ते दोन ओसऱ्यांवर नको, एकाच ओसरीवर व्हावे. उडदाचे पीठ मी देईन. पीठ कुटायला मात्र दोन्ही बाजूंचे हात लागतील, एकटीच्या मनगटाला ते काम झेपत नाही हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.